बडा ख्याल ऐकता येतो, तर हा सिनेमाही बघता येईल

फिल्म फेस्टिव्हलला एखादा संथ, देखणा, गोष्टीला फारसा धरून न चालणारा चित्रपट संपला की बाहेर पडताना जिन्यावर एक वाक्य हमखास कानावर येतं. "फोटोग्राफी सुंदर होती हो, पण म्हणायचं काय होतं त्याला?" विचारणारा माणूस अडाणी नसतो. बऱ्याचदा तो महिन्याभरापूर्वी सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जाऊन आलेला असतो. तिथे एखाद्या बुवांनी बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतला ख्याल, गाताना 'पिया' एवढ्या दोन अक्षरांभोवती पाऊण तास घिरट्या घातल्या, तरी "यांना म्हणायचं काय आहे?" हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलेला नसतो. तो समेची वाट बघत बसतो, सम आली की त्याची मान हलते, आणि घरी जाताना तो तृप्त असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाट बघायची ही सवय आपल्याकडे आधीपासूनच आहे. ती कानाला आहे, डोळ्याला लावायची आहे. हे साम्य मी ओढूनताणून आणत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले मणी कौल पुढे डागर घराण्यातल्या गुरूंकडे ध्रुपद ही जुनी गायनशैली शिकले आणि १९८२ मध्ये त्यांनी 'ध्रुपद' याच नावाचा चित्रपट केला. त्यांचे सहाध्यायी कुमार शहानी यांनी १९८९ मध्ये 'ख्याल गाथा' केला. दोघेही बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांचे विद्यार्थी, आणि घटक शिकवत होते ते जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात. तेव्हा हा सिनेमा परका, युरोपीय, आपल्या कामाचा नाही असं निदान पुणेकरांनी तरी म्हणू नये.

खाली दिलंय ते आठ संध्याकाळींचं काम आहे. आठवड्याला एक धरली तर दोन महिने.

आधी टीव्ही ताळ्यावर आणा

हे तांत्रिक वाटेल, पण निम्म्या लोकांची निराशा इथेच होते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झालेला असतो. आजचे टीव्ही दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनाने आणखी चौकटी बनवून घालतात, म्हणजे क्रिकेट गुळगुळीत दिसावं. त्यामुळे १९७५ चा रशियन चित्रपट कालच्या मालिकेसारखा दिसू लागतो. सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' करा आणि 'मोशन' असं नाव असलेलं जे काही चालू असेल ते बंद करा.

दुसरं, चित्र ताणू नका. जपानी दिग्दर्शक ओझू यांचे, सत्यजित राय यांचे सुरुवातीचे चित्रपट जवळजवळ चौकोनी आहेत, उंचीच्या १.३७ पट रुंदी. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच. माझ्या एका नातेवाइकांकडे 'पथेर पांचाली' बघताना अर्धा तास मला वाटत होतं की त्यातली मुलगी दुर्गा एवढी गुबगुबीत कशी? पडदा 'भरायला' कुणीतरी चित्र आडवं ओढून ठेवलेलं होतं.

खोलीत अंधार, फोन दुसऱ्या खोलीत. टीव्हीचा आवाज बारीक असेल तर हेडफोन लावा. या चित्रपटांतली निम्मी करामत पानांच्या सळसळीत आणि लांबच्या कुत्र्याच्या भुंकण्यात असते, आणि कुकरच्या शिट्टीपुढे ती टिकत नाही.

सुरुवात सोप्यापासून, आणि सोप्याला हलकं समजू नका

लोक हौसेने एकदम हंगेरियन दिग्दर्शक बेला तार यांच्या 'सॅटनटँगो'ला हात घालतात. सात तासांहून लांबीचा चित्रपट. पहिला शॉट म्हणजे चिखलातून हिंडणारी गुरं, सुमारे आठ मिनिटं. पोहायला शिकताना पहिल्याच दिवशी पुरात उडी मारण्यातला हा प्रकार.

पहिली संध्याकाळ अब्बास किआरोस्तामी यांच्या 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?' (१९८७) या इराणी चित्रपटाला द्या. दीड तासाच्या आत संपतो. उत्तर इराणमधल्या कोकेर गावातल्या अहमदच्या दप्तरात चुकून मित्राची वही येते. उद्या वहीत अभ्यास दिसला नाही तर गुरुजी त्या मित्राला शाळेतून काढणार. मित्र राहतो पलीकडच्या पोश्ते गावात. अहमद वही द्यायला निघतो. गोष्ट संपली. चित्रपटाचं नाव सोहराब सेपेहरी या कवीच्या कवितेतून घेतलेलं आहे.

मी हा आईबरोबर पाहिला. आई कलात्मक सिनेमाच्या वाटेला कधी गेलेली नाही, तिला 'वर्ल्ड सिनेमा' म्हटलं की गोळीबार आणि परदेशी चुंबनं आठवतात. वीस मिनिटं झाली आणि ती टीव्हीवर चिडली. "अगं, ते पोरगं मघापासून सांगतंय, वही द्यायचीय, वही द्यायचीय. त्याची आई ऐकूनच घेत नाहीये. आधी अभ्यास कर, मग पाळणा हलव, मग पाव आण!" मी समीक्षेत 'पुनरावृत्तीची रचना' वगैरे वाचून आले होते. आईने ती रचना नाव न घेता पकडली होती, कारण ती नीट ऐकत होती.

मग तो डोंगर येतो. उघड्या टेकडीवर नागमोडी पायवाट, माथ्यावर एकटं झाड, आणि एक चिमुकला ठिपका धावत वर चाललाय. ही वाट तिथे आयती नव्हती, चित्रपटासाठी पाडून घेतली होती. कॅमेरा लांबून बघत राहतो. मुलाचा चेहरा जवळून दाखवून, व्हायोलिन वाजवून तुम्हाला कळवळायला लावणं किआरोस्तामींना अवघड नव्हतं. त्यांनी ते केलं नाही, म्हणून वाट किती लांब आहे हे आपल्या पायांना कळतं.

शेवटाकडे रात्री अहमद अभ्यास करतोय, वाऱ्याने दार उघडतं आणि बाहेर आई दोरीवरचे फडफडणारे कपडे काढताना दिसते. माझी आई म्हणाली, "पाऊस येणार." त्या चौकटीबद्दल यापेक्षा नेमकं काही मी अजून वाचलेलं नाही.

गोष्ट सांगू नका, जिन्नस सांगा

चित्रपट संपल्यावर लगेच वही घ्या आणि दिसलेल्या दहा गोष्टी लिहा. गोष्टी म्हणजे वस्तू, हालचाली, उजेड. 'एकटेपणा', 'निरागसता' असले शब्द या यादीत चालणार नाहीत. "जुनं लाकडी दार, वर जाणारा दगडी जिना, वाळत घातलेली चादर, म्हाताऱ्याचा चालताना दमलेला श्वास" अशी यादी हवी.

पहिल्यांदा पाच-सहाच्या पुढे जाता येत नाही, आणि तेव्हा आपण दीड तास नेमकं काय बघत होतो याची जरा लाज वाटते. तिसऱ्या चित्रपटापर्यंत यादी पंधरावर जाते. अर्थाच्या मागे लागलं की वस्तू दिसायच्या बंद होतात. वस्तू पुरेशा गोळा झाल्या की त्या आपसात बोलू लागतात, आणि अर्थ लागायचा असेल तर तो तिथे लागतो. "शेवटाचा अर्थ उलगडून सांगतो" छापाचे व्हिडिओ निदान दोन दिवस उघडू नका. दुसऱ्याने चघळलेला ऊस कोण खातं?

घड्याळ लावून बघा

दुसऱ्या संध्याकाळी मोबाइल आणायची परवानगी आहे, पण फक्त स्टॉपवॉचसाठी. आंद्रेई तारकोव्हस्की यांचा 'मिरर' (१९७५) लावा. मॉसफिल्म या रशियन स्टुडिओने त्यांचे बरेच चित्रपट स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर ठेवलेले आहेत. पावणेदोन तासांच्या या चित्रपटात शॉट आहेत सुमारे दोनशे. तारकोव्हस्कींनीच लिहिलंय की एवढ्या लांबीच्या चित्रपटात एरवी पाचशे असतात. म्हणजे सरासरी अर्धा मिनिट एक शॉट. नेहमीच्या चित्रपटात आपण काही सेकंदांत कट व्हायला इतके सरावलेले असतो की दहाव्या सेकंदाला डोळा उठून उभा राहतो, "चला, पुढे."

त्या क्षणी काय होतं ते पकडायचंय. पहिले दहा सेकंद आपण चित्र वाचतो: बाई, कुंपण, शेत. पुढचे दहा सेकंद चुळबूळ. साधारण तिसाव्या सेकंदानंतर डोळा हार मानतो आणि फिरायला लागतो. कुंपणाच्या काठीचा वाक दिसतो, बाईच्या मानेवरचे केस दिसतात, मागे गवतात काहीतरी हललेलं दिसतं. दिग्दर्शकाला तुम्हाला इथवरच आणायचं असतं. बुवांनी षड्ज लावून बराच वेळ धरून ठेवावा, म्हणजे बाहेरची रिक्षा आपल्या कानातून निघून जाते, तसं.

'मिरर'मधला सुरुवातीचा प्रसंग तर तीनदा बघा. निवेदकाची आई कुंपणावर बसलीय. वाट चुकलेला एक डॉक्टर येतो, शेजारी बसतो, कुंपण मोडतं आणि दोघं खाली पडतात. तो पडल्यापडल्या झाडाझुडपांबद्दल बोलतो, त्यांना कळतं, त्यांना घाई नसते, धावाधाव आपणच करतो. मग तो निघतो. शेताच्या मधोमध असताना वाऱ्याची एक मोठी झुळूक सगळं पीक वाकवत येते. तो थांबतो, वळून बघतो. पुन्हा झुळूक. तो निघून जातो आणि चित्रपटात परत कधीच येत नाही.

पहिल्या खेपेला फक्त बघा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करा. तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. तिसऱ्या खेपेला मला पहिल्यांदा जाणवलं की वाऱ्याला या प्रसंगात एखाद्या पात्राइतकी जागा दिलेली आहे. त्याचं येणं, थांबणं, पुन्हा येणं.

पाऊस कशाचं प्रतीक आहे?

कशाचंच नाही. तारकोव्हस्कींना लोक पाऊस, आग, घोडे यांचे अर्थ विचारून भंडावत, आणि ते वैतागून सांगत की मी जिथे वाढलो तिथे पाऊस असाच पडतो. आपल्याकडे कोकणातल्या माणसाला हे पटायला हरकत नाही. जूनमध्ये चित्रीकरण केलं तर पाऊस असणारच.

प्रतीकाची घाई झाली की वस्तू मरते. 'मिरर'मध्ये गोदामाला आग लागते तो प्रसंग घ्या. मुलं जेवणाच्या टेबलावरून उठून पळतात. कॅमेरा त्यांच्यामागे धावत नाही, रिकाम्या खोलीत रेंगाळतो. टेबलावरची एक बाटली आपोआप पडते, लवंडत जाते. मग आरशात मुलं दिसतात, आगीकडे बघणारी. मग आपण ओसरीवर येतो, पागोळ्या गळताहेत आणि पावसापलीकडे गोदाम शांतपणे पेटलेलं आहे. "आग म्हणजे क्रांती, पाणी म्हणजे स्मृती" असं वहीत लिहिलंत की बाटली हातातून गेली. लहानपणी आपल्या घरी काही भयंकर घडलं तेव्हा नेमकं काय आठवतं? भयंकर गोष्ट आठवत नाही, तिच्या शेजारची कसलीतरी फालतू वस्तू आठवते. मला आजोबा गेले त्या दिवशीचा स्टोव्हवरचा उतू गेलेला दुधाचा डाग आठवतो.

या चित्रपटातलं घर तारकोव्हस्कींनी जुन्या छायाचित्रांवरून, लहानपणी राहिलेल्या घराच्याच जागेवर पुन्हा बांधवून घेतलं. घरापुढे त्यांच्या आठवणीत बकव्हीटचं फुललेलं पांढरं शेत होतं. हे म्हणजे उत्तर भारतात उपासाला खातात तो कुट्टू. तिथे आता सामूहिक शेतीवाले क्लोव्हर आणि ओट लावत होते, आणि या मातीत बकव्हीट येणार नाही असं त्यांनी बजावलं. चित्रपटवाल्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर शेत घेतलं, पेरलं, आणि ते उत्तम आलं. वडिलांच्या कविता वडिलांच्याच, म्हणजे आर्सेनी तारकोव्हस्कींच्या आवाजात आहेत, म्हातारपणीच्या आईच्या जागी खरी आई आहे. एवढं जिवाचं रान ज्याने केलं त्याला शेतातून 'अर्थ' नको होता, शेतच हवं होतं.

रिकाम्या खोलीत बसायला शिका

यासुजिरो ओझू यांच्याकडे पोहोचलात की कॅमेरा जमिनीवर बसतो, चटईवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेच्याही जरा खाली. तो क्वचितच हलतो. माणसं निघून गेल्यावरही रिकामी खोली, गल्ली, वाळत घातलेले कपडे, आगगाडी काही सेकंद पडद्यावर राहतात. नोएल बर्च या अभ्यासकाने अशा शॉटना 'पिलो शॉट' हे नाव दिलं, जुन्या जपानी कवितेतल्या 'माकुरा-कोतोबा' म्हणजे 'उशी-शब्द' या संकेतावरून. जात्यावर बसल्यावर "पहिली माझी ओवी गं" म्हणून बाई जशी दम घेते आणि मनातलं पुढच्या ओळीत येतं, तशी मला ही चित्रं वाटतात. अभ्यासकांना ही तुलना मान्य होईल असं नाही.

'लेट स्प्रिंग' (१९४९) बघा. विधुर बाप, लग्नाचं वय उलटत चाललेली लेक, आणि तिने आपल्यापायी अडकू नये म्हणून बापाने बोललेलं खोटं की मी पुन्हा लग्न करतोय. मराठी घरात हे समजावून सांगावं लागत नाही. दोघं लग्नाआधी क्योतोला शेवटची सहल करतात. रात्री अंधारात अंथरुणावर लेक बापाशी मनातलं काही बोलते आहे. बाप झोपलेला आहे. ती छताकडे बघत हलकं हसते. कट. खोलीतली फुलदाणी, मागे कागदी पडद्यावर बांबूच्या सावल्या. कट. तिचा चेहरा आता रडायच्या बेतात. पुन्हा फुलदाणी, यावेळी जास्त वेळ.

या फुलदाणीवर जगभरचे अभ्यासक कित्येक दशकं भांडताहेत. तुम्ही भांडणात पडू नका, एक प्रयोग करा. फुलदाणी पडद्यावर असताना तिचा चेहरा मनात कसा बदलतोय ते बघा. तो बदल पडद्यावर कुठेही दाखवलेला नाही. तो तुमच्या आत घडला, आणि त्यासाठी ओझूंनी तुम्हाला काही सेकंद रिकामे ठेवून दिले. शेवटचं दृश्य सांगत नाही. फक्त सफरचंदाकडे लक्ष ठेवा.

ओझू आवडले तर गंमत म्हणून त्यांचा पहिला रंगीत चित्रपट 'इक्विनॉक्स फ्लॉवर' (१९५८) लावा आणि घरात फिरणारी लाल किटली शोधत बसा. त्यांना लाल रंग नेमका हवा होता म्हणून त्यांनी आग्फाची फिल्म निवडली होती.

कानाची एक संध्याकाळ

तारकोव्हस्कींच्या 'स्टॉकर'मध्ये (१९७९) तिघं जण रुळावरच्या ढकलगाडीतून निषिद्ध प्रदेशात शिरतात. काही मिनिटं फक्त त्यांची डोकी, जवळून, बहुतेक पाठमोरी. मागे रुळांचा खडखडाट. तो ऐकत रहा. एदुआर्द आर्तेम्येव या संगीतकाराने त्या खडखडाटात हळूहळू इलेक्ट्रॉनिक नाद मिसळला आहे. कुठे रूळ संपतो आणि संगीत सुरू होतं ते बोट ठेवून सांगता येत नाही. मग एका कटनिशी पिवळट-तपकिरी चित्र हिरवंगार होतं. प्रदेशाची हद्द ओलांडल्याचं त्याआधीच तुमच्या कानाला कळून चुकलेलं असतं.

सबटायटलचंही इथेच सांगते. दुसऱ्यांदा बघताना ती बंद करा. वाचता वाचता चित्राचा खालचा चतकोर कायम निसटतो, आणि या मंडळींनी तो चतकोर रिकामा सोडलेला नसतो.

पाराजानोव: इथे नियम बदलतात

सर्गेई पाराजानोव यांचा 'द कलर ऑफ पोमग्रॅनेट्स' (१९६९) हा अठराव्या शतकातल्या सायात-नोवा या आर्मेनियन कवी-गायकावर आहे. चरित्रपट म्हणून बघायला बसलात तर दहा मिनिटांत उठाल. कॅमेरा जवळजवळ हलत नाही, पात्रं बोलत नाहीत, तुमच्याकडे तोंड करून उभी राहतात आणि हातातली वस्तू दाखवतात. पांढऱ्या कापडावर डाळिंबं, त्यांचा रस पसरत जातो. मठाच्या छतावर भिजलेले ग्रंथ वाळत घातलेले, वाऱ्याने पानं फडफडताहेत. रंगातून काढलेली लोकर ठिबकते आहे. सोफिको चिआउरेली ही एकच अभिनेत्री तरुण कवीही होते आणि त्याची प्रेयसीही.

पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी बघितली आहे त्यांना इथे ओळखीचं काहीतरी सापडेल. एक चित्र समोर धरलं जातं, ते पुरेसं बघून झालं की पुढचं. चित्रकथीत ठाकर कलावंत गाऊन गोष्ट सांगतो. इथे सांगणारा गप्प आहे, म्हणून प्रत्येक चित्राखाली आपण स्वतः एक ओळ मनात म्हणायची. मी हा चित्रपट एका बैठकीत बघत नाही. पंधरा-वीस मिनिटं झाली की थांबवते, चहा करते, परत येते. शुद्धतावादी रागावतील, पण कवितासंग्रह कोणी एका दमात वाचतं का?

सोव्हिएत सत्तेला यात काय खुपलं असेल असा प्रश्न पडतो. चित्रपट अधिकाऱ्यांनी कापून नव्याने जुळवून घेतला, आणि १९७३ मध्ये पाराजानोव तुरुंगात गेले ते चार वर्षांनी सुटले. २०१४ मध्ये जीर्णोद्धार केलेली प्रत निघाली, मिळाली तर तीच बघा, कारण इथे रंग फिका म्हणजे अर्धा चित्रपट गेला.

संथ म्हणजे चांगला, असं मुळीच नाही

हे मोकळेपणाने बोललं जात नाही. फेस्टिव्हलच्या वर्तुळात संथपणाचीही एक फॅशन झालेली आहे. माणूस खिडकीशी उभा, पाच मिनिटं. माणूस सिगरेट ओढतोय, पाच मिनिटं. बाहेर पडलं की सगळे गंभीर चेहऱ्याने मान डोलावतात. मीही डोलावलेली आहे.

माझी कसोटी साधी आहे: हा शॉट अर्ध्यावर कापला तर काय जाईल? तारकोव्हस्कींच्या 'नॉस्टॅल्जिया'त (१९८३) नायक पाणी काढून टाकलेल्या कुंडात पेटती मेणबत्ती घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातो. जागा इटलीतलं बान्यो विन्योनी. ज्योत विझते. तो परत पहिल्या टोकाला जातो. पुन्हा विझते. पुन्हा मागे. सुमारे नऊ मिनिटांचा हा एकच शॉट आहे. मधे एक जरी कट टाकला असता तरी मेणबत्ती विझण्याची भीती संपली असती, कारण मग ज्योत संकलकाच्या हातात गेली असती. इथे ती नटाच्या तळव्याच्या आडोशाला आहे, आणि आपण श्वास रोखून, पाठ ताठ करून बसलेलो आहोत. देवापुढचं निरांजन अंगणातून तुळशीपर्यंत विझू न देता नेलेल्या माणसाला ही नऊ मिनिटं लांब वाटणार नाहीत.

याउलट शॉट अर्ध्यावर कापला आणि काहीच गेलं नाही, तर चित्रपट कितीही बक्षिसं घेऊन आलेला असो, कंटाळा तुमचा दोष नाही. उठा.

झोप लागली तर? लागू द्या. कुणाला दिसणार नाही अशी मागची खुर्ची धरा. किआरोस्तामींनी स्वतःच सांगितलंय की आपल्याला थिएटरात डुलकी लावणारे पण नंतर रात्री जागं ठेवणारे चित्रपट आवडतात. 'मिरर' मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मधली वीस मिनिटं झोपले होते, जागी झाले तेव्हा पडद्यावर पाऊस होता आणि मला दोन मिनिटं कळेना की तो स्वप्नातला की सिनेमातला.

घरचं अंगण

आता परत इकडे या. मणी कौल यांचा 'उसकी रोटी' (चित्रीकरण १९६९) मोहन राकेश यांच्या कथेवर आहे. बाई भाकरीचं गाठोडं घेऊन रस्त्यावर बसड्रायव्हर नवऱ्याची वाट बघते. कौल आणि छायाचित्रकार के. के. महाजन यांनी दोनच भिंगं वापरली, २८ आणि १३५ मिलिमीटरची: एक तिच्या प्रत्यक्षासाठी, एक मनातल्यासाठी. पण चित्रपट पुढे सरकतो तशी ही वाटणी कौल स्वतःच विसकटत नेतात. कुठलं भिंग चालू आहे ते ओळखायचा प्रयत्न करा. पार्श्वभूमी जवळ येऊन चेहऱ्याला चिकटली की लांबचं (१३५), चित्रातली खोली पसरली की रुंद (२८). ही सवय लागली की टीव्हीवरच्या जाहिरातीतही तुम्हाला भिंग दिसायला लागेल, त्याला माझा इलाज नाही.

'पथेर पांचाली'तलं (१९५५) काशफुलांचं शेत आणि आगगाडी सगळ्यांना माहीत असते. बकव्हीटच्या शेजारी ठेवायची गोष्ट म्हणजे एका रविवारी थोडं चित्रीकरण झालं, पुढच्या रविवारी राय परत गेले तर सगळी काशफुलं गुरांनी खाल्लेली! पुन्हा फुलण्यासाठी पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. बघताना कुठे सांधा दिसतो का ते शोधा. मला दिसलेला नाही. मराठीत उमेश कुलकर्णी यांचा 'विहीर' (२००९) याच जातकुळीतला आहे. नात्यातले दोन भाऊ, लपाछपी, पाणी. तो दुसऱ्यांदा बघाल तेव्हा लपाछपीचा सुरुवातीचा खेळ अंगावर येईल.

मोठ्या पडद्याची संधी सोडू नका. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून आहे, पुण्यात १९६४ पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, जानेवारीच्या आसपास पिफ (पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव), नोव्हेंबरात पणजीला इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव). शक्य तेव्हा कुणाला तरी बरोबर न्या, पण ज्याने खूप वाचलंय त्याला नको, ज्याला कपडे वाळत घालायची आणि दूध उतू जायची काळजी असते त्याला.

क्रम असा ठेवा: किआरोस्तामी, मग 'मिरर', 'लेट स्प्रिंग', 'पथेर पांचाली', 'स्टॉकर', पाराजानोव, 'उसकी रोटी', आणि आठवी संध्याकाळ पुन्हा 'मिरर'ला, पहिली यादी शेजारी ठेवून. बेला तार नवव्या संध्याकाळपासून. त्यातही आधी 'द ट्युरिन हॉर्स' (२०११): सुमारे अडीच तास, ३० शॉट, एक बाप, एक लेक, एक घोडा आणि रोजचा उकडलेला बटाटा.

आई सध्या 'लेट स्प्रिंग'पर्यंत आलेली आहे. संपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग वही मागून घेतली आणि यादीत सगळ्यात वर लिहिलं: "सफरचंदाची साल."